तात्यांचा धुरा

भेंडवळच्या घटमांडणीत अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी 18 धान्यं मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा सरकला, कोणता जागेवर राहिला हे पाहून वर्षाचं भाकीत सांगतात. पाऊस किती, कपाशी कशी, तुरीचं काय, राजाची गादी हलते की टिकते, सगळं त्यात येतं. बुलडाणा जिल्ह्यातला शेतकरी कितीही विज्ञाननिष्ठ असो, त्या सकाळी मोबाइल चार्ज करून ठेवतो. पण गाजर गवत यंदा कसं राहील, असं तिथे कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. गरजच नाही. ते दरसाल सोळा आणे येतं. त्याला पेरणी नको, खत नको, कर्ज नको, पीकविमा नको. पाऊस कमी झाला तरी येतं, जास्त झाला तर जास्त येतं. एका झाडाला हजारोंनी बी धरतं आणि त्यातलं जवळजवळ प्रत्येक बी उगवायला टपलेलं असतं. आमच्या सोयाबीनच्या पिशवीवर जेवढी उगवण क्षमता छापलेली असते, तेवढी या गवतात न छापता असते.

आमचं गाव उंद्री, चिखली तालुक्यात, चिखलीहून खामगावला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. हे आधी सांगावं लागतं, कारण गावाचं नाव घेतलं की पुण्याचे नातेवाईक "वा, फ्लॅट घेतला की काय?" म्हणतात. ती उंड्री वेगळी. आमच्याकडे चौरस फुटाचा हिशेब अजून पोचलेला नाही. इथे जमीन मोजतात एकरात आणि भांडतात इंचात. ती इंचाची जागा म्हणजे धुरा.

धुरा म्हणजे दोन शेतांमधली पट्टी. बाकीचा महाराष्ट्र तिला बांध म्हणतो. कागदावर ती दोघांची असते. प्रत्यक्षात ज्याचा ट्रॅक्टर आधी येतो त्याची. दर हंगामाला नांगराचं एक तास हळूच धुऱ्यात घालायचं, पलीकडच्याने तिकडून घालायचं, असं करत करत ज्या धुऱ्यावरून आजोबांची बैलगाडी जायची त्यावरून आता मांजरही तोल सांभाळत जातं. उरलेल्या पट्टीला उन्हाळ्यात काडी लावायची, पावसाळ्यात तणनाशक मारायचं, म्हणजे येणारा-जाणारा म्हणतो, "काय स्वच्छ धुरा ठेवला राजेहो!"

या स्वच्छतेचे आमच्याकडचे मानकरी म्हणजे आप्पा. त्यांच्या धुऱ्यावर गवताची काडी उभी राहायला घाबरते. आणि त्यांच्या लगतचं शेत तात्यांचं. तात्यांचा धुरा कुणी कधी साफ केल्याचं गावाच्या स्मरणात नाही. बोरीची जाळी, रुई, निर्गुडी, तरवड, पडलेलं बाभळीचं ओंडकं, कुठे मोकळी माती, कुठे कंबरभर गवत. कामं उरकून झाल्यावर दोघं समोरासमोर आले की संवाद ठरलेला.

"तात्या, तुह्या धुऱ्यात वाघ लपून बसला तरी दिसायचा नाही."

"बसू दे ना आप्पा. त्याले बी सावली लागते."

हे बोलणं अगदी हवेतलं नाही. ज्ञानगंगा अभयारण्य आमच्यापासून लांब नाही, आणि 2019 साली यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घालून सुमारे 1,300 किलोमीटर चालत तिथे येऊन राहिला. त्याची बातमी जगभर झाली. त्याला वाघीण आणून द्यावी का, यावर वनखात्यात विचारही झाला. बिचाऱ्याच्या एकटेपणाचं मलाही वाईट वाटलं. पण त्याच सुमारास जिल्ह्यातल्या कितीतरी वावरांत कांद्याचे गोंडे जोडीदाराविना उभे होते, त्यांच्यासाठी कुणी बैठक घेतली नाही.

कांद्याचं हे प्रकरण जरा खोलात सांगायला हवं. आमचा जिल्हा कांद्याच्या बियाण्यासाठी प्रसिद्ध आहे. कांदा परत जमिनीत लावायचा, त्याला दांडा येतो, दांड्याच्या टोकाला गोंडा आणि गोंड्यात शेकड्यांनी बारीक पांढरी फुलं. आता प्रत्येक फुलात नर आहे, मादी आहे, म्हणजे घरच्या घरी उरकायला हरकत नव्हती. पण फुलातले पराग आधी झडून जातात आणि मादीचा भाग मागाहून तयार होतो. नवरदेव मांडवातून निघून गेल्यावर नवरी हातात हार घेऊन बाहेर येते. तेव्हा दुसऱ्या फुलाचा पराग कुणीतरी आणून दिला तरच लग्न लागतं. हा मध्यस्थ म्हणजे माशी. मध्यस्थ आला नाही तर गोंडा दिसायला भरदार आणि हातात चोळला की पोचट.

माशी का येत नाही? कारण प्लॉटवर फुलकिड्यांसाठी फवारणी झालेली असते. मग माशी यावी म्हणून काय करायचं? गुळाचं पाणी शिंपडायचं. आधी विष, मग गूळ, हा पाहुणचार आमच्याकडे सर्रास चालतो. काही ठिकाणी सकाळच्या वेळी गोंड्यांवरून हलकेच हात फिरवत बायका ओळीने जातात. देऊळगाव राजा भागात शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं संकरित बियाणं करतात. तिथे तर माशीला दारच बंद असतं, कारण तिने भलत्या वाणाचा पराग आणला तर सगळा माल बाद. तिथे चिमट्याने फुलातले नर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी हव्या त्या वाणाचा पराग एकेका फुलाला हाताने लावायचा. दिवसभर मान मोडून काम, आणि रोज ठरलेला. तो हिशेब पाहिला की उघड्या वावरात आजवर फुकट राबलेल्या माश्यांची मजुरी काढावीशी वाटते. थकबाकी एवढी निघेल की कर्जमाफी तिच्यापुढे किरकोळ ठरावी.

माशी म्हटली की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, "मध किती निघंल?" हा सगळ्या गैरसमजाचा उगम. जगात मधमाशीच्या गोतावळ्यातल्या माश्यांच्या 20 हजारांवर जाती आहेत आणि त्यांतल्या मध साठवून आपल्याला देणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. आग्या, सातेरी, फुलोरी यांना आपण नावाने ओळखतो. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022 साली 'मधाचं गाव' झालं, त्याचंही कौतुक आहे. पण बहुसंख्य माश्या मोहोळ करत नाहीत, मध साठवत नाहीत, राणीच्या दरबारात नोकरी करत नाहीत. एकेकट्या राहतात, बहुतेक जमिनीत बीळ करून. टोमॅटो-वांग्याचा पराग एका बारीक नळीत कोंडलेला असतो. फूल धरून पंखांचे स्नायू थरथरवले की तो टोकाच्या भोकातून झडतो. ही कला मधमाशीला येत नाही. ती पोटावर निळे पट्टे असलेल्या एका गुबगुबीत माशीला येते, आणि ती माशी मातीत किंवा जुन्या मातीच्या भिंतीत राहते. गावात स्लॅबची घरं झाली, अंगणात फरशी आली, आणि या पाहुणीला भाड्यानेही खोली मिळेना.

आता बाहेर, ई-क्लासवर तरी जागा असावी. वऱ्हाडात गुरं चारायच्या सरकारी जमिनीला ई-क्लास म्हणतात. तिच्यावर अतिक्रमण झालं की गाव पेटतं, अर्ज होतात, मोर्चे निघतात. पण गाजर गवताने एकरच्या एकर अतिक्रमण केलं त्याविरुद्ध कुणी अर्ज दिला नाही, कारण त्याचं मतदार यादीत नाव नाही आणि ते कुणाच्या भाऊबंदकीतलं नाही. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. चुकून लावलं तर दूध कडवट होतं. माणसाला खाज, शिंका, दमा. आणि त्याचा पराग वाऱ्याने मिरची-वांग्याच्या फुलांवर जाऊन बसला तर तिथली फळधारणा कमी होते. म्हणजे हे स्वतः धुऱ्यावर आणि हात आपल्या ताटात.

हे गवत 1955 साली पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं. ते अमेरिकेच्या पीएल-480 योजनेच्या गव्हातून आलं, असं पारावरचा प्रत्येक जाणता माणूस सांगतो. फक्त त्या योजनेखालचा भारताचा पहिला करार 1956 सालचा. म्हणजे एकतर ते त्याआधीच्या, 1951 सालच्या अमेरिकी गव्हातून आलं, किंवा आणखी कशातून, किंवा मग करारावर सही होण्याआधीच कामाला लागलेलं हे देशातलं एकमेव खातं. त्याच्या मागावर 1980 च्या दशकात मेक्सिकोहून एक भुंगा आणला, झायगोग्रामा. तो गाजर गवताची पानं अक्षरशः चाळणी करतो. पण पाऊस ओसरला की जमिनीत शिरून झोपतो, तो पुढच्या पावसापर्यंत. हंगामी कर्मचारी. मध्यंतरी तो सूर्यफुलावर दिसला म्हणून चौकशी समितीही बसली होती. गंमत अशी की सूर्यफूलही अमेरिकेचंच. आरोपी, फिर्यादी, तक्रारीचा मुद्दा, सगळे परदेशी. पंचनामा तेवढा आपल्या वावरात.

म्हणून 'विदेशी ते वाईट' हे मला काही पटत नाही. तसं धरलं तर मिरची जाईल, टोमॅटो जाईल, सोयाबीन जाईल, आणि जेवायला भाकरीबरोबर नुसता देशाभिमान उरेल. भांडण परदेशीपणाशी नाही, एकट्याने सगळी जागा बळकावण्याशी आहे. घाणेरीचंच पाहा. 1809 साली इंग्रजांनी ती शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत लावली. तिच्या फुलांवर फुलपाखरांची ही झुंबड! फोटो काढणारे खूश. पण मोठी फुलपाखरं तिथे रस पितात, तरी अंडी घालायला त्यांना तरोटा, रुई, लिंबू असली आपापली झाडं लागतात. अळ्या घाणेरीचं पान खात नाहीत. घाणेरीखाली तर दुसरं काही उगवतच नाही. वेडी बाभूळही तशीच. सरपणाला उपयोगी म्हणून आली, आणि लोणार सरोवराच्या काठावर इतकी माजली की तिला काढायची मोहीम घ्यावी लागली. मधमाशी तिच्याही फुलांवर जाते, हे कबूल करायला हवं. म्हणूनच नुसतं काढून भागत नाही.

आणि आपली सगळी हौस नुसतं काढण्याची. गाजर गवत निर्मूलन सप्ताह ऑगस्टच्या 16 ते 22 तारखेला देशभर पाळतात. जूनच्या पावसात उगवलेलं गवत तोवर फुलून पांढरंशुभ्र झालेलं असतं. मग पांढऱ्या टोप्या घालून पांढऱ्या फुलांत उभं राहून फोटो होतो, उपटलेली झाडं ट्रॉलीत भरून गावाबाहेर नेतात आणि वाटेवर त्यांचं बी सांडत जातं. पुढच्या वर्षी त्या वाटेने सप्ताह घ्यायला सोपं पडतं. खरं तर पहिल्या पावसानंतर, माती ओली असताना, फूल यायच्या आत मुळासकट उपटलं तर त्याचं खत होतं. पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांड्यांनी खताचं टाकं कसं रचावं ते आपल्याला शिकवून ठेवलंच आहे. पण त्या वेळी पेरणीची घाई असते आणि कॅमेरावाल्याचीही पेरणी असते.

घाणेरी काढायची रीत दिल्लीच्या सी. आर. बाबू या शास्त्रज्ञांनी घालून दिली. तिचं झुडूप वरून छाटू नये, ते दुप्पट जोमाने फुटतं. जमिनीखाली तीन-चार बोटं कुदळ घालून सोटमूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं आभाळाकडे. मग ज्या झाडांवर पक्षी बसतात त्यांच्याखाली पुढची काही वर्षं लक्ष ठेवायचं, कारण बी तिथेच पडतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, रिकाम्या जागेत लगेच गवत पेरायचं. रिकामी जागा निसर्गाला आणि नातेवाइकांना सारखीच खुपते. आपण कुणाला बसवलं नाही तर नको तो येऊन बसतो. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही गावं उठली तेव्हा मागे पडीक शेतं राहिली. तिथे आता चितळ-गवे चरतात ती कुरणं आपोआप झालेली नाहीत. चिखलदऱ्याच्या महाविद्यालयातले गजानन मुरतकर सर आणि वनखात्याची माणसं तण ओळखून बी धरायच्या आत काढत राहिली, आणि गवताचं बी गोळा करत राहिली. मारवेल वेगळं, कुसळी वेगळी, हे ओळखणारी नजर आदिवासी मजुरांनी कमावली. आपल्याकडे एम.एस्सी. झालेल्या पोरालाही हे सगळं 'गवतच' असतं.

इथे आमचे तात्या पुन्हा येतात. मी एकदा आश्विनात त्यांच्या धुऱ्यावर नीट बसून पाहिलं. बाभळीच्या त्या ओंडक्यात करंगळी जाईल एवढं गोल भोक होतं, गिरमिटाने पाडल्यासारखं, आणि खाली ताज्या भुशाची चिमूट. थोड्या वेळाने एक काळाकुट्ट भुंगा, पंखांवर जांभळी-निळी चमक, घरघरत आला, भोकासमोर जरा थबकला आणि आत गेला. बाहेर आला तो थेट तात्यांच्या लवकरच्या तुरीवर. पिवळं फूल त्याच्या वजनाने वाकलं, खालच्या पाकळ्या दबल्या आणि आतले पुंकेसर उसळून त्याच्या पोटाला लागले. तेवढ्यात तो तिसऱ्या फुलावर. पलीकडे रुईच्या पानाखाली काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक अळी पान कुरतडत होती; कडवं दूध पचवून स्वतः कडू होणारी, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. शनिवारी मारुतीसाठी माळ करायला कुणी ही पानं नेली तर तीही देवळात पोचणार. पोचतेही, पुजाऱ्याने सांगितलंय. बोरीला घाणेरड्या वासाची बारीक फुलं आलेली, त्यांच्यावर माश्या आणि गांधीलमाश्या. मोकळ्या मातीत बिळांची तोंडं, प्रत्येकाभोवती मातीचं बारीक कडं. कुर्डूच्या गुलाबी तुऱ्यांवर पिवळी फुलपाखरं. त्यांच्या अळ्या खालच्या तरोट्यावर मोठ्या झालेल्या.

आप्पांच्या धुऱ्यावर तेव्हा शांतता होती. स्वच्छ, चकचकीत शांतता.

म्हणजे तात्या थोर पर्यावरणवादी झाले का? छे. त्याच धुऱ्याच्या खालच्या टोकाला, पाटाच्या ओलीला, गाजर गवत खांद्याला लागत होतं आणि बेशरमाची जाळी अर्ध्या वाटेवर आलेली. आळसाचेही दोन प्रकार आहेत आणि तात्या दोन्हींत पारंगत. ओंडकं न उचलणं, बोर न तोडणं, काडी न लावणं, हा नीट आळस. गाजर गवत फुलेपर्यंत पाहत राहणं हा ढिला आळस. नीट आळसाला वर्षातून थोडे दिवस कष्ट करावे लागतात, आणि कष्ट करणाऱ्याला आळशी म्हणवून घ्यायची तयारी लागते. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड. गावात माणूस कर्जबाजारी म्हणून जगू शकतो, 'त्याचा धुरा पाह्यला काय?' हे ऐकून नाही.

माझ्याकडे एक दुसरा उपायही आहे, तो मी जाहीरपणे मांडतो. आपण ज्याची पूजा करतो ते दुर्मिळ होतं, हा अनुभव आहे. दसऱ्याला आपट्याची झाडं ओरबाडून खराटे होतात. गणपतीच्या पत्रीसाठी आघाडा, शमी, माका हुडकत शहरातले लोक मैलोगणती फिरतात आणि शेवटी विकत घेतात. तर एखाद्या सोयीच्या मुहूर्तावर, जूनच्या अखेरीस, फूल यायच्या आत, गाजर गवत घरी आणल्याने लक्ष्मी नांदते एवढी एक आवई उठवून द्यावी. हातमोजे घालून आणल्यास दुप्पट लक्ष्मी. तीन वर्षांत खामगावच्या बाजारात जुडी 20 रुपयांना जाईल आणि पाचव्या वर्षी 'अस्सल गाजर गवत कसे ओळखावे' असा मेसेज फिरू लागेल. अडचण एकच. मग कुणीतरी त्याची लागवड सुरू करेल.

तोवर तात्यांना गाठलं. म्हटलं, तात्या, तुमचा अर्धा धुरा म्हणजे परागवाहकांचा अधिवास आहे.

"म्हंजे मी काई करून नाई रायलो, हे शास्त्र हाये?"

"अर्धं."

"त्या अर्ध्याचं अनुदान किती?"

रोजगार हमीत काही न करण्याचं मस्टर निघत नाही, हे मी त्यांना सांगितलं. खालच्या टोकाचं गाजर गवत उपटण्याचं काम मात्र खरं काम आहे, ते फूल यायच्या आत करा, तिथे मारवेलाचं बी टाका, तरोटा येऊ द्या. तात्यांनी तंबाखू मळता मळता विचार केला.

"आप्पाले स्वच्छतेची लय हौस हाये. त्याले म्हना, माह्या धुऱ्यावरलं गाजर गवत घेऊन जाय. वरच्याले मात्र हात लावू नको."

निरोप पोचवला. आप्पांना तो इतका मनापासून आवडेल असं वाटलं नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात, पहिली उघडीप मिळताच आप्पा आले. हातमोजे घालून आले, विळा घेऊन आले, दोन मजूर घेऊन आले, आणि धुरा एकदा मोकळा होतोच आहे तर हद्दही बघून घ्यावी म्हणून मोजणीची टेप घेऊन आले.